तोंडातला घोट

एप्रिलच्या पहाटे आमच्या गावाला स्वतःचा असा वास उरत नाही. रानातून एक गोड, किंचित ओला वास उतरतो आणि माणसांचे कपडे, गुरांच्या पाठी, हातपंपाचे पाणी, सगळे त्याच्या स्वाधीन होते. मोहाची फुले उजाडता उजाडता गळतात. त्यांचा आवाज पावसासारखा नसतो. एक फूल पडते, मग बराच वेळ काहीच नाही, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेले की दुसरे. लहानपणी मला वाटे, झाड विचार करून करून एकेक फूल खाली ठेवते आहे.

मी चंद्रपुरात मुलांना कविता शिकवते. गाव एटापल्लीच्या पलीकडे, जंगलात. हमरस्त्यावरून आता लोहखनिजाचे ट्रक जातात आणि त्यांच्या लाल धुळीने साजाच्या झाडांची पाने गंजल्यासारखी दिसतात. पण गावाच्या वाटेला वळले की दोनशे पावलांवर त्यांचा आवाज मावळतो. दर वर्षी ईस्टरच्या आधी, प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात मी रजा काढून आईबाबांकडे जाते. ज्या वर्षाची ही आठवण, त्या वर्षी आई हातपंपाजवळ घसरली होती आणि तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होते.

आमची ख्रिस्ती मंडळी नऊ घरांची. बाकीचे गाव आपल्या देवांना मानणारे, त्यांना ते पेन म्हणतात. मोहाची झाडे मात्र सगळ्यांची एकच, वेचायची वेळही एकच. आमचे प्रार्थनाघर बांबूच्या तट्ट्यांचे, वर टिनपत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन. पाळक दुसऱ्या गावचे. पाच-सहा गावे त्यांच्याकडे असल्यामुळे ते महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येत, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी न चुकता.

प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी इतर ठिकाणी मनुका उकळून रस करतात. आमच्याकडे कुण्या एका वर्षी मनुका मिळाल्या नाहीत, तेव्हा आईने मोहफुलांचा रस केला. पाळकांनी तो चाखला आणि म्हणाले, "हेही त्यानेच पाडलेलं आहे." तेव्हापासून तीच रीत. वाळवलेली फुले कोंबडा आरवायच्या आधी स्टीलच्या पातेल्यात भिजवायची, घटकाभराने खळखळ उकळायची, पातळ फडक्यातून गाळायची आणि त्याच दिवशी वापरायची. भिजल्या फुलांवरून रात्र जाऊ द्यायची नाही.

त्या वर्षी आईचा हात बांधलेला, म्हणून रस करण्याचे काम माझ्याकडे आले. आईने मला नियम सांगितला. "पहाटे भिजव, लगेच उकळ," एवढेच. कारण सांगितले नाही. मी ते स्वयंपाकातल्या एखाद्या सवयीसारखे ऐकले आणि विसरले. आज वाटते, कारण सांगायला तिला एक शब्द उच्चारावा लागला असता आणि तो शब्द आमच्या घरात कित्येक वर्षांत कोणी उच्चारला नव्हता.

बाबा दारू प्यायचे. इतके सरळ वाक्य लिहायलाही मला वय वाढावे लागले. ते मारत नसत, ओरडत नसत. ते फक्त नाहीसे होत. शरीर घरात असे आणि आतले माणूस कुठेतरी नाल्याच्या काठी राहून गेलेले असे. मी वसतिगृहातून सुट्टीला आले होते, अकरा-बारा वर्षांची असेन. एटापल्लीच्या बसस्टँडवर पत्र्याची पेटी घेऊन मी त्यांची वाट पाहत होते. ते आले. माझ्याकडे पाहिले. आणि पुढे निघून गेले. मी हाक मारली नाही. त्यांनी ओळखले नाही तर काय करायचे, या भीतीने मी गप्प राहिले. संध्याकाळी गावातल्या एका बाईने मला घरी नेले.

त्यानंतर दोन वर्षांनी ते मंडळीत आले. कसे आले, हे मला नीटसे माहीत नाही. मी दूर होते. आई सांगते की एका रविवारी ते प्रार्थनाघराबाहेर उकिडवे बसले होते, पुढच्या रविवारी उंबऱ्यात, आणि तिसऱ्या रविवारी आत. बाप्तिस्मा झाला तेव्हा नाल्याला गुडघाभरच पाणी होते, म्हणून त्यांना आडवे निजवून बुडवावे लागले. ही गोष्ट बाया अजून हसत सांगतात. पुढे ते मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, झाले. प्याला सर्वांत आधी त्यांच्या हाती जाई.

आणि मी? मी शहरात श्रद्धेची भाषा शिकत गेले. मला वधस्तंभाची सावली दिसे, रिकाम्या कबरीतला गारवा जाणवे, आणि त्यावर मी फार सुंदर बोलू शकत असे. बोलून झाल्यावर कित्येकदा आत काहीच नसे. हे कोणाला कळत नव्हते. मीही ते स्वतःला क्वचितच कळू देत असे.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना संपवून आम्ही घरी आलो. ऊन असे होते की अंगणातली कोंबडीसुद्धा चोच उघडी ठेवून उभी होती. ओसरीवर मोहफुले वाळत घातली होती, ताजेपणीच्या पांढऱ्या-पिवळ्या रंगातून मधाच्या, मग विटेच्या रंगाकडे निघालेली. मी मूठभर उचलून हुंगली, आणि माझ्या मनात ती कल्पना आली.

आज संध्याकाळी त्याला कबरीत ठेवले. रविवारी पहाटे तो उठला. मग ही फुलेही आज अंधारात का ठेवू नयेत? शुक्रवार, शनिवार, आणि रविवारची पहाट. कविता वाचून वाचून ज्यांची नजर तयार होते, त्यांना असल्या जुळण्या दिसल्या की धीर धरवत नाही. स्टीलचे पातेले त्या कल्पनेत बसेना. शेजारच्या काकूंच्या कुंपणावर एक काळे मडके पालथे होते. त्या रानात गेल्या होत्या. मी ते आणले, विसळले, फुले घातली, वर पाणी ओतले, तोंडाला फडके बांधले आणि कोठीच्या कोपऱ्यात, जिथे दुपारीही अंधार असतो, तिथे ते ठेवून दिले. आईला सांगितले नाही. रविवारी सांगेन, तिलाही आवडेल, असे वाटले.

शनिवार हा वर्षातला सर्वांत मुका दिवस. आमच्याकडे त्या दिवशी मोठ्याने बोलत नाहीत. बाबा अंगणात बांबूच्या कामट्या काढत होते. कोयत्याचा आवाजही त्यांनी जणू चिंधीत गुंडाळला होता. दुपारी मी कोठीत जाऊन मडक्याला कान लावला. आत बारीक बारीक कुजबुज होती. बुडबुडे येऊन फुटत होते. एखादा झोपेत ओठ हलवतो तसे. मी तिथेच जमिनीवर गालाखाली हात घेऊन पडले, ती कुजबुज ऐकत राहिले, आणि मला झोप लागली. उठले तेव्हा केसांनासुद्धा तो वास होता. मला तो वेगळा जाणवला नाही. एप्रिलमध्ये आमच्या गावात वेगळा वास कोणता असतो?

रविवारी उजाडायच्या आधी मी चूल पेटवली. रसाला फेस आला, तो उतू जाईल म्हणून एका उकळीतच खाली उतरवला. गाळला. पितळेच्या तांब्यात भरून वर पांढरा रुमाल झाकला. चाखला नाही, प्रभुभोजनाआधी तोंडात काही घालायचे नाही, हे आईचे लहानपणीचे वळण. आई डाव्या हाताने चपात्या शेकत होती. तिने तांब्याकडे पाहून मान हलवली.

"कधी केलास?"

"पहाटे."

हे खोटे नव्हते. खरेही नव्हते.

उपासना पूर्वेकडच्या तट्ट्यातून पहिले ऊन आत येताच सुरू झाली. तट्ट्याच्या फटींतून प्रकाश गाळून येई आणि सगळ्यांच्या पाठींवर बारीक चौकडी उमटे. गीत झाले. पाळकांनी चपाती मोडली, वाटली. मग तांब्यातला रस स्टीलच्या प्याल्यात ओतून त्यांनी तो बाबांच्या हाती दिला. आमच्याकडे पाळक सर्वांत शेवटी घेतात.

बाबांनी डोळे मिटले. प्याला ओठांना लावला. घोट घेतला.

आणि ते थांबले.

त्यांचा गळा हलला नाही. गाल किंचित फुगलेले, डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत मी जे पाहिले ते मला आधी कळलेच नाही. भीती. प्रभूचा प्याला थुंकायचा नसतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते. एक थेंब सांडला तर ते गुडघ्यावर बसून जमीन पुसत. आणि तो घोट खाली गेला तर काय होईल, हेही त्या खोलीत त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते. ते तसेच उभे राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. कोणाचे तरी मूल खोकले. बाहेर एक फूल पत्र्यावर पडले.

मग प्याला त्यांनी अलगद पाळकांच्या हातात परत दिला, माणसांमधून वाट काढत दाराबाहेर गेले आणि अंगणाच्या धुळीत तोंडातला घोट थुंकून टाकला.

 बाहेर शेजारच्या काकू टोपली घेऊन रानातून परत येत होत्या. त्यांनी ते पाहिले.

"काय झालं जी भाऊ? किडा गेला का तोंडात?"

"नाई," बाबा म्हणाले. "पाणी दे थोडंसं."

काकूंनी आपल्या वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी दिले. बाबांनी चूळ भरली, पुन्हा भरली, तिसऱ्यांदा भरली. मग ते आत आले. तोंडावरून पाणी ओघळत होते.

"पाळक साहेब, मले माफ करा," ते म्हणाले. "मंडळीनंबी माफ करा. हा रस चढला हाये. मले हे चालत नाई."

एवढेच. कोणी केला, हे त्यांनी विचारले नाही. पाळकांनी प्याला हुंगला आणि त्यांचा चेहरा पडला. आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते. तिथे वर्षानुवर्षांची एक पहारेकरीण होती, जिचा एका पहाटे डोळा लागला होता.

मी उठले. मला बोलता येते, ते माझे काम आहे. पण त्या दिवशी शब्द वाळूसारखे आले. "मी शुक्रवारी भिजवला. मडक्यात. मला वाटलं..."  ती कल्पना तिथे, त्या नऊ घरांच्या माणसांसमोर, मला इतकी पोरकट दिसली की मी तोंडावर पदर धरला.

दारात उभ्या काकू मात्र मोठ्याने म्हणाल्या, "कोणत्या मडक्यात? त्या काऱ्या? अवो बाई, ते तं माह्यं फुलं सडवाचं मडकं! त्यात पाणी टाकलं तरी चढते." आणि टोपली खाली ठेवत, "तुमच्या देवाले नसन चालत तं इकडं द्या. आमच्याले चालते."

कोणीतरी फसकन हसले. मग दुसरे. हसू दाबत दाबत सगळ्या प्रार्थनाघरात पसरले, आणि मला रडू आले.

पाळक मात्र हसले नाहीत. त्यांनी तो प्याला रुमालाने झाकून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लग्नघरातल्या पाण्याचा प्रभूनं द्राक्षारस केला होता. आज आपल्याला उलटं मागावं लागेल." त्यांनी दाराजवळच्या माठातले पाणी दुसऱ्या प्याल्यात भरायला सांगितले, त्यावर प्रार्थना केली आणि तो प्याला पुन्हा आधी बाबांकडे नेला. बाबांनी घोट घेतला. यावेळी गळा हलला. मग आम्ही सगळ्यांनी तेच पाणी घेतले. त्याला मातीची चव होती. असे प्रभुभोजन त्यांच्या वरिष्ठांना मान्य झाले असते की नाही, मला माहीत नाही. पाळकांनी ते कुणाला कळवल्याचे ऐकिवात नाही.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. दुपारी बाबा जेवायला बसले. भात त्यांच्या बोटांतून गळे. ते लवकर उठले आणि अंगणात कामट्या काढायला बसले. सणाच्या दिवशी कोणी काम करत नाही.  आई मला आत घेऊन म्हणाली, "जिभेले आठवलं त्याच्या. आता दिवसभर ते त्याले बोलावन."

"मी काय करू, आई?"

"करणार काय? पाहत राय."

मी ओसरीवर बसून पाहत राहिले. कोयता बांबूत शिरे, बांबू चिरत जाई, कामटी पडे. एकसारख्या सरळ कामट्या काढणारे बाबा. त्या दिवशीच्या कामट्या वाकड्या, मध्येच तुटलेल्या. ऊन उतरले तसा नाल्याकडून धूर दिसू लागला. काकूंच्या घरची भट्टी लागली होती. त्यांच्याकडे दोन दिवसांनी पूजा होती आणि देवाला मोहाच्या दारूची धार लागते; त्यांच्यावर राग धरण्याचे काहीच कारण नव्हते. वारा आमच्याकडे वाहत होता. वास अंगणात आला आणि बांबूच्या ढिगाऱ्यावर बसला.

बाबांनी कोयता खाली ठेवला. उठले. चपला न घालता नाल्याच्या वाटेला लागले.

 हाक मारावी असे वाटले. ती जुनी भीती, त्यांनी वळून न पाहण्याची, पुन्हा आली. मी हाक मारली नाही, पण यावेळी जागची हलले. त्यांच्या मागून चालू लागले, वीस-पंचवीस पावलांचे अंतर ठेवून. पळसाच्या पाचोळ्यावर माझी पावले वाजत होती. त्यांना ऐकू येत असणार. सूर्य झाडांच्या बुंध्यांमधून आडवा येत होता आणि बाबा प्रकाशाच्या पट्ट्यांमधून चालत होते, उजेडात, मग सावलीत, मग उजेडात. मला प्रार्थना करायची होती. जमली नाही. माझ्या सगळ्या सुंदर शब्दांपैकी एकही आला नाही. मी फक्त पुढे चालणाऱ्या माणसाच्या टाचा पाहत होते. त्या भेगाळलेल्या होत्या, धुळीने पांढऱ्या.

जिथून भट्टीची हंडी दिसते त्या वळणावर ते थांबले. हात मागे बांधले. फार वेळ उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मग ते वळले आणि माझ्याकडे चालत आले.

"काऊन आली मागं मागं?"

"तुम्ही एकटे निघालात म्हणून."

"एकटा कुठं होतो?" ते म्हणाले. मग जरा हसल्यासारखे झाले. "पण बरं झालं आली, माय. पाचोळा वाजत होता तुया पायाखाली. तेवढंच ऐकून राह्यलो होतो."

आम्ही वाटेवरच्या दगडावर बसलो. मी रडत रडत क्षमा मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला ओल्या बांबूचा वास होता.

"तुले कोणी सांगतलंच नाई, तं तुले कसं समजन? आमीच तोंड शिवून बसलो," ते म्हणाले. "लोकाईले वाटते, याचा निश्चय लय पक्का हाये. अन् मले माह्यावर कवडीचा भरोसा नाई, माय. पह्यल्या दिवशीबी नव्हता. म्हणून तं टिकलो. माह्यावर ठेवला असता तं कवाच वाहून गेलो असतो."

"मग रोज काय करता?"

"काय करतो? उठलो का त्याले सांगतो, आजचा दिवस तू धर. रात्री म्हणतो, धरला, बरं केलं. एवढंच येते मले. तुयासारखं बोलता नाई येत."

माझ्यासारखे बोलणे. ते किती निरागसपणे म्हणाले! मी खाली मान घातली. समोर मुंग्यांची रांग एका गळलेल्या फुलाला ओढत नेत होती आणि आम्ही दोघे ती रांग दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिलो.

घरी आलो तेव्हा आईने दारातच बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेले आणि हुंगले. उघड, माझ्यासमोर. इतक्या वर्षांत मी तिला असे करताना कधी पाहिले नव्हते. बाबांनी निमूट श्वास सोडला. "पाणी हाये," ते म्हणाले. आई म्हणाली, "हातपाय धू मंग. पेज थंडी होऊन राह्यली." त्या रात्री जेवताना ती पहिल्यांदा तो शब्द बोलली. म्हणाली, "दारूचा वास मले अजून सपनात येते." बाबा म्हणाले, "मलेबी." आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले, जणू एकाच गावाला जाऊन आलेल्या दोन माणसांना ते आत्ता कळत होते.

सोमवारी मला परतायचे होते. मी गेले नाही. कॉलेजात निरोप पाठवायला टेकडीवर जाऊन मोबाईलला रेंज शोधली आणि आठवडाभर राहिले. मडके काकूंना नेऊन दिले. त्यांनी आत डोकावून म्हटले, "धुतलं काऊन एवढं घासून? आता याले पुन्हा मुरवा लागन."

मंगळवारी पहाटे जाग आली ती बाबांच्या कुजबुजीने. ते उंबऱ्यावर बसले होते, पाठ माझ्याकडे. अंधार विरळ होत होता, रानात फुले एकेक करून पडत होती. शब्द नीट ऐकू येत नव्हते. यायची गरजही नव्हती, मला ते आता माहीत होते. मी उठले, जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी सरकून जागा दिली. मी तोंड उघडले, नेहमीच्या सवयीने काहीतरी शोधले, आणि सोडून दिले.

"बाबा, मलाही तेवढंच सांगा म्हणायला."

त्यांनी सांगितले. मी त्यांच्या मागून म्हटले.